मोझरीने मागितले ते आणि मागावयाचे राहिले ते

अमरावतीहून नागपूरच्या हमरस्त्याला लागले म्हणजे तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापिला आणि १९६८ साली ते निवर्तल्यावर त्यांची समाधीही येथेच झाली. खेड्याने स्वतःच्या पायावर उभे राहावे ही शिकवण ज्या भूमीतून महाराष्ट्रभर गेली, त्याच भूमीवर ८ जून २०२५ रोजी माजी मंत्री श्री. बच्चू कडू यांनी अन्नत्याग आरंभिला आणि शेतकऱ्यांची कर्जमुक्ती, दिव्यांगांच्या मानधनात वाढ इत्यादी मागण्या सरकारपुढे ठेवल्या. आठवडाभरात मंत्री मोझरीला आले, आश्वासन मिळाले, अन्नत्याग थांबला. जुलै महिन्यात डॉ. पंजाबराव देशमुखांच्या पापळ या जन्मगावाहून पदयात्रा निघाली. ऑक्टोबरअखेर नागपूरच्या वेशीवर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, रस्ता मोकळा करण्याचा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला आणि ३० ऑक्टोबर रोजी मुंबईच्या बैठकीत मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांनी ३० जून २०२६ पूर्वी कर्जमाफीचा निर्णय करण्याचे अभिवचन दिले. मोझरीत उपाशी बसलेल्या माणसाने पाच महिन्यांच्या आत सरकारला तारखेने बांधून घेतले, हे यश लहान नव्हे.

या मागणीच्या न्याय्यतेविषयी आमच्या मनात शंका नाही. कोरडवाहू कापसाच्या आणि सोयाबीनच्या भरवशावर जगणाऱ्या घराला पीककर्जाचा डोंगर फेडता येत नाही, हे सांगण्यासाठी आता नव्या समितीची आवश्यकता उरलेली नाही. आम्हांस खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कर्जमाफी ही ऋणकोची मागणी आहे. ज्याचे देणे थकले आहे तो सावकारापुढे हात जोडून जे मागतो, ते वऱ्हाडने मोझरीत मागितले. परंतु या राज्याच्या हिशेबात वऱ्हाड ऋणको आहे की धनको, याची खातेवही कोणी उघडून पाहिली आहे काय?

ती वही जुनी आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि १९०२ साली वर्षाला २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने दिला. हा व्यवहार इंग्रजांनी उगाच केला नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मँचेस्टरला कापसाची टंचाई भासू लागली तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे मोल त्यांना उमगले. लोहमार्ग आला, बडनेऱ्याहून अमरावतीस आणि जलंबहून खामगावास खास कापसासाठी फाटे काढण्यात आले, आणि १८७० साली खामगावचा फाटा खुला करावयास प्रत्यक्ष गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले. त्या कापसावर मुंबईचे दलाल, गिरण्या आणि गोद्या भरभराटल्या. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला तेव्हापासून येथील पुढाऱ्यांची एकच तक्रार होती, ती म्हणजे वऱ्हाडच्या वाढाव्यातून मध्यप्रांताची तूट भरली जाते. म्हणजे महसुलाचे पुनर्वाटप हा विषय वऱ्हाडला नवा नाही. देणाऱ्याच्या बाजूने तो त्याने पुरता अनुभवलेला आहे. कर्जाचा विषयही नवा नाही. १९३३ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्जलवादाचा कायदा झाला आणि त्यामागे मंत्री म्हणून पंजाबरावांचाच पुढाकार होता.

अशा प्रदेशाने संयुक्त महाराष्ट्रात यावे म्हणून जी वचने देण्यात आली त्यांची आठवण आज क्वचितच निघते. ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोल्यास करार झाला. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूरचा करार झाला व त्यावर श्री. यशवंतराव चव्हाणांपासून श्री. रामराव देशमुखांपर्यंत उभय बाजूंच्या पुढाऱ्यांनी स्वाक्षऱ्या केल्या. १९५५ साली फाजल अली आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली, ती बाजूस ठेवण्यात आली ती या कराराच्या बळावर. पुढे १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापण्याचा, विकासनिधीच्या समन्यायी वाटपाचा, तंत्रशिक्षणाच्या सोयींचा आणि सरकारी नोकऱ्यांतील संधींचा उल्लेख आला. मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जावा, असेही त्या कलमात आहे.

यांपैकी काय पाळले गेले? नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन भरावे हे कलम पाळले गेले, आणि तेवढ्यापुरते हुरड्याच्या दिवसांत मंत्रिमंडळाला विदर्भाचे दर्शन घडते. मंडळांचे मात्र निराळे झाले. घटनेत तरतूद १९५६ ची आणि मंडळे प्रत्यक्षात आली ती १९९४ साली. मधल्या ३८ वर्षांत एक पिढी शाळेत गेली आणि नोकरीसही लागली. त्यानंतर वेळोवेळी मुदतवाढ मिळत मंडळे कशीबशी चालली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. करोनाच्या गडबडीत त्या गोष्टीकडे पुष्कळांचे लक्षही गेले नाही. २०२२ साली ती पुन्हा स्थापण्याचा ठराव मंत्रिमंडळाने केला खरा, पण ठरावानंतरही वर्षे उलटली आणि मंडळांच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. सत्तेवर कोणता पक्ष होता हे विचारण्यात अर्थ नाही. या सहा दशकांत बहुतेक सर्वांनी पाळीपाळीने सत्ता भोगलेली आहे.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळू. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली व १९८४ साली तिने अहवाल दिला. समितीची रीत साधी होती. सिंचन, रस्ते, विजेचे पंप, शिक्षण, आरोग्य अशा प्रत्येक बाबीत राज्याची सरासरी काढावयाची, जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल त्याला सरासरीपर्यंत आणण्यास किती खर्च येईल ते मोजावयाचे आणि त्यास अनुशेष म्हणावयाचे. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला आणि त्यात विदर्भाचा हिस्सा शेकडा ३९ होता. सरकारने हा अहवाल फेकूनही दिला नाही आणि मनापासून स्वीकारलाही नाही. पुढे मंडळे आल्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजणी केली तेव्हा राज्याचा अनुशेष सुमारे १४,००० कोटींवर गेला होता आणि त्यात विदर्भाचा हिस्सा ६,६०० कोटींच्या घरात, म्हणजे जवळजवळ निम्मा होता.

महागाई वाढली, मोजण्याच्या बाबी बदलल्या, हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. सरासरी ही धावत्या गाडीसारखी असते. पुणे, सातारा, कोल्हापूर येथे नवे कालवे निघाले की राज्याची सरासरी वर जाते, आणि अकोल्याचा शेतकरी जागच्या जागी उभा असूनही अधिक मागे पडतो. त्याचे काही हिरावून घेतले गेले नाही असे सांगता येते, आणि तरीही त्याचे अंतर वाढलेले असते. म्हणून प्रत्येक वर्षी मोजणी हवी होती व म्हणूनच घटनेने वार्षिक अहवाल सांगितला होता. राज्यपाल डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांच्या कारकिर्दीपासून निधिवाटपाचे निर्देश निघू लागले आणि पुढील दशकात आर्थिक अनुशेष बहुतांशी भरून निघाल्याचे जाहीरही झाले. परंतु रुपये खर्च झाले म्हणजे पाणी शेतात पोहोचले असे होत नाही. सिंचनाचा भौतिक अनुशेष, म्हणजे प्रत्यक्ष ओलिताखाली न आलेल्या जमिनीचा अनुशेष, दोन लाख हेक्टरांहून अधिक राहिला, आणि तो कोठे, तर अमरावती, अकोला, बुलडाणा आणि वाशीम या चार जिल्ह्यांत. महाराष्ट्राच्या नकाशावर हा एवढाच डाग का उरावा, याचे उत्तर कोणत्याही सरकारने सरळ दिलेले नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो व तो शहरातील सुशिक्षितांच्या तोंडी विशेष असतो. आक्षेप असा की सरकार वऱ्हाडला देतच असते. पॅकेजे येतात, माफ्या होतात, अनुदाने मिळतात. तरी रडगाणे संपत नाही. या आक्षेपाचा विचार नीट केला पाहिजे. कारण सरकार देते हे खोटे नाही. प्रश्न आहे तो देण्याच्या रीतीचा.

वीजपंपाचेच उदाहरण घ्या. २०२४ च्या अर्थसंकल्पात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली. राज्यातील सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना तिचा लाभ असून वर्षाचा भार साडेचौदा हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. नियम सर्वांना सारखाच. गडहिंग्लजला एक आणि दर्यापूरला दुसरा, असे काही नाही. मात्र मोफत वीज घेण्यासाठी आधी पंप पाहिजे, पंपासाठी विहीर पाहिजे, आणि विहिरीला पिण्याजोगे व पिकाजोगे पाणी पाहिजे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा पसरला आहे त्याचे क्षेत्र साडेचार लाख हेक्टरांहून अधिक आहे. तेथे जमिनीखालचे पाणी खारे. ते उपसून पिकाला दिले तर काळी माती दगडासारखी घट्ट होते. त्या पट्ट्यातील शेतकऱ्याला मोफत वीज देणे म्हणजे टकल्याला फणी भेट देण्यासारखे आहे.

पीककर्जाची गोष्ट याहून निराळी नाही. उसाला आणि द्राक्षाला एकरी कर्ज अधिक मिळते, कोरडवाहू कापसाला कमी. ज्याला कर्ज अधिक मिळाले त्याची माफी मोठी. ज्याला बँकेने दारात उभे केले नाही आणि म्हणून जो सावकाराकडे गेला त्याच्या नावावर माफीच्या यादीत शून्य. २००८ सालच्या केंद्रीय कर्जमाफीने तर या अन्यायाचा कळस गाठला होता. संपूर्ण माफी दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला. त्यावरच्याने थकबाकीतील शेकडा ७५ भरले तर २५ ची सूट. सांगलीकडे पाच एकर बागाईत असलेला मनुष्य या हिशेबाने गरीब ठरला आणि अचलपूरकडे नऊ एकर कोरडवाहू कसणारा श्रीमंत! ज्या आत्महत्यांच्या बातम्यांनी दिल्लीचे मन द्रवले म्हणून सांगितले गेले, त्या बातम्या याच कोरडवाहू मुलुखातल्या होत्या. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग येथे येऊन गेले आणि अमरावती विभागाचे पाच व वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करून गेले, त्यालाही तेव्हा दोनच वर्षे झाली होती. पुढे २०१७ मध्ये दीड लाखाची आणि २०१९ मध्ये दोन लाखांची मर्यादा घालून राज्याने माफ्या दिल्या. त्यांत एकराची अट नव्हती एवढी सुधारणा झाली. पण माफी कर्जाच्या मागून जाते आणि कर्ज पाण्याच्या मागून जाते हा क्रम तसाच राहिला. ज्या वाटपाने विषमता कमी व्हावी त्याच वाटपाने ती वाढत जाते.

म्हणून सरकारने वाटप करूच नये काय? असा निष्कर्ष काढणारे अर्थपंडित मुंबईत पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे असे की मुंबई, ठाणे आणि पुणे मिळून राज्याच्या उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास भाग निर्माण करतात. तेथे भांडवल घालावे, तेथील वाढ आपोआप खाली झिरपेल, आणि मागास भागात पैसा ओतणे म्हणजे वाढीच्या गाडीला खीळ घालणे. झिरपण्याची वाट पाहता पाहता ६५ वर्षे झाली. राज्याच्या आर्थिक पाहणीत दरडोई उत्पन्नाचे जे जिल्हावार कोष्टक असते त्याच्या तळाशी गडचिरोली, नंदुरबार यांच्या पंक्तीला वाशीम आणि बुलडाणा बसलेले दिसतात. आणि डोक्यावर मुंबई आहे. आणि मुंबईची ही संपत्ती केवळ मुंबईकरांच्या घामाची आहे, हे म्हणणेही इतिहासास धरून नाही. बंदर सरकारने बांधले, लोहमार्ग सरकारच्या हमीवर आला आणि कापूस आमच्याकडून गेला.

या बाबतीत महाराष्ट्राने एकेकाळी जगाला धडा दिला होता याची आठवण करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते. १९७२ च्या दुष्काळात श्री. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबविण्यात आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्यासाठी पैसा कोठून आणला? १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. आमच्या वाचकांपैकी जे नोकरदार आहेत त्यांनी आपले पगारपत्रक काढून पाहावे; वर्षाकाठी २,५०० रुपयांची जी वजावट दिसते ती तीच. शहरातल्या कारकुनाने, प्राध्यापकाने, डॉक्टराने दिलेल्या पैशात सरकारने आपला तितकाच पैसा घालावा आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यावे, त्या कामातून पाझर तलाव, बंधारा, रस्ता उभा राहावा, अशी ती योजना होती. मजुराच्या हातात मजुरी पडली व गावाच्या पदरात तलाव पडला. व्यक्तीला द्यावे की प्रदेशाला, हा वाद तेथे उद्भवतच नव्हता. पुढे कामे निकृष्ट झाली, हजेरीपत्रकात मेलेली माणसे जिवंत झाली, हे सारे खरे आहे. तरीही त्या योजनेच्या पायावर केंद्राला २००५ साली देशभराचा कायदा करावा लागला हेही तितकेच खरे आहे.

आजचे वाटप त्या वळणाचे नाही. २०२४ साली ‘माझी लाडकी बहीण’ योजना आली. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यांत महिन्याला १,५०० रुपये जाऊ लागले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. या योजनेला रेवडी म्हणून नाक मुरडण्याची जी पद्धत सुशिक्षितांत पडली आहे, ती आम्हांस पसंत नाही. परतवाड्याच्या बाजारात एखादी शेतमजूर बाई स्वतःच्या खात्यातले पैसे काढून मुलाची वह्यापुस्तके घेते तेव्हा तिला अभियंत्याची सही लागत नाही व कंत्राटदाराचा टक्का द्यावा लागत नाही. सरकारी पैसा इतक्या सरळ वाटेने घरात पोहोचण्याचा अनुभव आमच्या खेड्यांना नवीनच आहे. त्याचे मोल आम्ही जाणतो. परंतु १,५०० रुपयांनी दर्यापूरच्या विहिरीतले पाणी गोडे होत नाही आणि तेल्हाऱ्याहून पुण्याला गेलेला मुलगा परत येत नाही. दुसरे असे की हा पैसा निवडणुकीच्या पंचांगाप्रमाणे येतो. कालव्याचे तसे नसते. कालव्याला वीस वर्षे लागतात आणि त्याचे श्रेय घ्यावयाला बहुधा दुसराच आमदार उभा असतो. तेव्हा राजकारणी मनुष्य कशाकडे वळणार हे सांगण्यास ज्योतिषी नको.

कालव्याच्या बाजूनेही मोठा दोष आहे, आणि तो झाकून वऱ्हाडची बाजू मांडणे आम्हांस शोभणार नाही. पूर्व विदर्भातील गोसीखुर्दची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान श्री. राजीव गांधी यांच्या हस्ते बसली, तेव्हा अंदाजपत्रक ३७२ कोटींचे होते. ते १८,००० कोटींच्या पुढे गेले. २००९ साली विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत अवघ्या काही महिन्यांत सुमारे ६,७०० कोटींवरून २६,७०० कोटींवर नेण्यात आली. चौकश्या झाल्या, गुन्हे दाखल झाले, निवडणुका त्यावर लढल्या गेल्या. ओलिताचे क्षेत्र मात्र त्या प्रमाणात वाढले नाही. अनुशेषाच्या नावाने आलेला पैसा असा वाटेत आटला, आणि ‘विदर्भाला देऊन काय उपयोग’ हे म्हणावयास इतरांना आयते निमित्त सापडले. त्या वीस हजार कोटींच्या फुगवट्याचा हिशेब मागण्याला मोर्चे निघाले ते किती? कर्जमाफीसाठी निघाले तितके नक्कीच नाहीत.

अमरावती जिल्ह्यात तर जे पाणी अडविले गेले त्यावरही वाद झाला. अप्पर वर्धा धरणाचे पाणी नांदगाव पेठच्या औष्णिक वीजकेंद्राला देण्याचे ठरले तेव्हा येथील शेतकरी रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले. वीज हवीच. पण अनुशेषग्रस्त जिल्ह्याचे सिंचनाचे पाणी वळवून निर्माण झालेली वीज राज्यभर जाते, तेव्हा पुनर्वाटप होतच असते; फक्त त्याची दिशा कोणी सांगत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पास राज्याने मान्यता दिली. गोसीखुर्दपासून बुलडाणा जिल्ह्यातील नळगंगेपर्यंत सव्वाचारशे किलोमीटरांहून लांब कालवा, नागपूर ते बुलडाणा सहा जिल्ह्यांतील ३ लाख ७१ हजार हेक्टरांना पाणी, खर्च सुमारे ८७,३४२ कोटी. लाडक्या बहिणीची अडीच वर्षांची तरतूद म्हणजे हा संपूर्ण कालवा. एकीचे काढून दुसऱ्याला द्या असे आम्ही म्हणत नाही. आकड्यांचे आकारमान वाचकांच्या ध्यानी यावे एवढाच हेतू. राज्याच्या डोक्यावरील कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेले असता दोन्ही ओझी एकदम उचलता येतील असे सांगणारा अर्थमंत्री आम्हांस अद्याप भेटलेला नाही, आणि दोहोंपैकी कोणते आधी खाली ठेवले जाईल हे मागील अनुभवावरून सांगता येते.

कापसाच्या भावाचा विषय निघाल्याशिवाय वऱ्हाडातील कोणतीही आर्थिक चर्चा पुरी होत नाही. १९७२ पासून राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना चालविली. तिने काही वर्षे हमीची बाजारपेठ दिली, काही वर्षे चुकारे थकविले, सीमेवर नाके बसवून कापूस मध्यप्रदेशात जाऊ दिला नाही, आणि तोट्याच्या ओझ्याखाली या शतकाच्या आरंभी ती मोडली. तिच्या गुणदोषांत आज शिरण्याचे कारण नाही. मात्र त्या वेळी निदान एवढे मान्य होते की कापसाचा भाव हा शासनाच्या धोरणाचा विषय आहे. आज ते अमान्य असल्याचे भासविले जाते आणि धोरण मात्र चालूच असते. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठविले आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. म्हणजे वऱ्हाडचा कापूस बाजारात येण्याच्या ऐन हंगामात परदेशी कापूस स्वस्त झाला. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झालेला होता. त्या भावाला व्यापाऱ्याने हात लावू नये याची तजवीज सरकारनेच केली. अमेरिकेच्या जकातीने अडचणीत आलेल्या गिरण्यांना साहाय्य करणे हा हेतू असेल; परंतु ते साहाय्य कोणाच्या खिशातून झाले? कर्जमाफीचा आकडा वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापला जातो. उतरलेल्या भावाने शेतकऱ्याकडून जे काढून घेतले गेले त्याचा आकडा कोणत्याही अर्थसंकल्पात सापडावयाचा नाही.

त्यातही ज्या गिरण्यांसाठी हे झाले त्या येथे नाहीत. अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल ही नावे आता जुन्या माणसांच्या बोलण्यात उरली आहेत. अचलपूरला मोठ्या थाटात उभी राहिलेली फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि वर्षानुवर्षे तिची चाके फिरली नाहीत. २० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीच्या ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिला पंतप्रधानांच्या हस्ते बसली. ते उद्यान फुलो, अशी आमची मनापासून इच्छा आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचे विमानही उडाले. त्याच वऱ्हाडात मूर्तिजापूर-अचलपूर आणि मूर्तिजापूर-यवतमाळ अशी धावणारी, गरिबांची म्हणून ओळखली गेलेली शकुंतला मात्र बंद पडली आहे. विमानात बसणारे आम्ही आणि शकुंतलेत बसणारे ते, हा भेद आम्हा शहरवासीयांनी स्वतःशी तरी कबूल करावा. आणि हेही कबूल करावे की अमरावती-अकोल्याच्या ज्या वसाहतींत आम्ही राहतो, तेथील दर दुसऱ्या घरात म्हातारा-म्हातारी मागे उरली आहेत, मुले हिंजवडीला आहेत. शेतकऱ्याचा अनुशेष आणि आमच्या रिकाम्या खोल्या या दोन निरनिराळ्या गोष्टी नव्हेत.

तेव्हा मोझरीच्या मागणीत काय घालावयाचे राहिले? कर्जमाफी व्हावी, पण ती देताना कोरडवाहू जमिनीला निराळे माप असावे. बागाइतीचा आणि कोरडवाहूचा एकर एकाच गजाने मोजण्याची २००८ ची चूक पुन्हा होऊ नये. वैधानिक मंडळे पुन्हा उभी राहावीत, आणि ती पराभूत पुढाऱ्यांच्या सोयीसाठी नसून मोजणीसाठी असावीत. डॉ. विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हे माप सुचविले होते. अनुशेष ही कल्पनाच त्यामुळे पातळ होते म्हणून विदर्भात त्या अहवालावर टीका झाली, ती सर्वस्वी निराधार नव्हती. पण जिल्ह्याची सरासरीसुद्धा लबाड असते हे त्या समितीचे म्हणणे खरे आहे. मोर्शी-वरूडच्या संत्र्याच्या बागा आणि भातकुलीचे खारे शेत एकाच सरासरीत मिसळले म्हणजे दोहोंचे खरे चित्र पुसले जाते.

नागपूरला दर हिवाळ्यात विधिमंडळ भरतेच. नागपूर कराराप्रमाणे आणि घटनेच्या कलमाप्रमाणे त्या सभागृहाच्या टेबलावर अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांचे एक तालुकावार पत्रक दरवर्षी ठेवले जावे. सिंचनाला किती दिले, त्यांतले किती खर्चले, किती इतरत्र वळविले, कोणत्या गावचे किती हेक्टर प्रत्यक्ष भिजले, मोफत विजेचा व पीककर्जाचा किती वाटा तेथे पोहोचला, आणि कापसाला हमीभावापेक्षा किती कमी मिळाले, एवढेच रकाने पुरेत. हे पत्रक मागावयास उपोषणाचीही गरज पडू नये; येथील तीस आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून एकदा उभे राहिले तरी पुरे. दर्यापूर, भातकुली, तेल्हारा आणि संग्रामपूर यांच्या नावांपुढे त्यात कोणते आकडे येतात ते पाहू, आणि मग कर्जमाफीची मर्यादा दोन लाखांची असावी की तीन लाखांची, याची चर्चा करावयास बसू.